फणस न तोडता: जांबोटी रस्त्यावरच्या एका घराची सौर जुळणी

आजीनं पहिल्याच भेटीत अट घातली. "फणसाला हात लावायचा नाही. बाकी काय करायचं ते करा."

घर खानापूरहून जांबोटीकडं जाताना रस्ता सोडून आत गेल्यावर लागतं. मातीच्या भिंती, मंगळुरी कौलं, पुढं पडवी. घराच्या नैर्ऋत्येला तो फणस, दोघांच्या कवेत न मावणारा. उत्तरेला मोकळ्यावर गोठा, त्याच्यापुढं खळं, आणि खळ्याच्या कडेनं भाताच्या शेताला लागून दगडी गडगा. गोठ्यात चार म्हशी आणि दोन गाई. दूध रोज सकाळ-संध्याकाळ डेअरीला जातं, आणि या घरात रोख पैसा हातात येतो तो तेवढाच.

माझ्याआधी एक जण येऊन बघून गेला होता. त्यानं सांगितलेला उपाय सरळ होता: फणस तोडा, कौलं उतरवा, पत्रे घाला, वर पॅनेल बसवा. पुस्तकाप्रमाणं तो चुकीचा नव्हता. पण आजीनं त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

मी बेळगावात सोलर बसवण्याचं काम करतो. बहुतेक कामं शहापूर, वडगाव, टिळकवाडीच्या स्लॅबवरची, आणि त्यांत डोकं फारसं लागत नाही. या घरानं मात्र मला दोन महिने विचार करायला लावला, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितोय.

आधी मूळ प्रश्न. या घराचं वीजबिल शून्य आहे. कर्नाटकात ऑगस्ट २०२३ पासून गृहज्योती योजनेत २०० युनिटांच्या आत वापर असलेल्या घरांना ठरलेल्या मर्यादेपर्यंत वीज फुकट मिळते, आणि यांचा वापर त्याच्या बराच आत. मग सोलर घालून वाचवायचं काय? मी घरच्या काकांना हेच विचारलं. म्हटलं, पैशाचा हिशेब केला तर हा सौदा बसत नाही.

काका म्हणाले, "पैशाचं सोडा हो. जून-जुलैत लाइट असती कुठं? कणकुंबीकडनं वारं सुटलं की एक झाड पडतंयच तारेवर. आज गेली तर उद्या संध्याकाळी. म्हशीला ते कळत नाही की."

खरंच आहे. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते, आणि त्या पट्ट्यात वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस होतो. जंगलातून आलेली लाइन, वर झाडं. दोष कुणाला द्यायचा? पहाटे पाचला अंधारात धार काढायची, आठ-नऊच्या सुमारास कडबा कुट्टी चालवायची, विहिरीवरचा एक अश्वशक्तीचा पंप लावून गोठा धुवायचा, आणि संध्याकाळी चारनंतर हेच सगळं परत. त्यात नर्सिंग शिकणाऱ्या लेकीचा मोबाईल. या घराला युनिटं कमी पडत नव्हती, ती नेमक्या वेळेला हवी होती. हे मला उशिरा कळलं, आणि पुढचं सगळं त्यावर ठरलं.

इथं एक गोष्ट सांगून टाकतो, कारण दर दुसऱ्या घरी ती ऐकून लोक चाट पडतात. नेट मीटरवरचं, म्हणजे उरलेली वीज लाइनला देऊन बिलातून वजा करणारं साधं सोलर लाइट गेली की बंद पडतं, डोक्यावर लख्ख ऊन असलं तरी. तारेवर काम करणाऱ्या लाइनमनला तुमच्या छपरावरून शॉक बसू नये म्हणून इन्व्हर्टर मुद्दाम तसा बनवलेला असतो. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळतं, तेही ग्रिडला जोडलेल्या यंत्रणेला. बिल वाचवायचं असेल त्यानं जरूर घ्यावं. इथं बॅटरी हवी होती, म्हणून आम्ही त्या वाटेला गेलो नाही.

आता छप्पर. काच-काच प्रकारच्या साडेपाचशे वॅटच्या एका पॅनेलचं वजन तीसेक किलो. सहा पॅनेलं म्हणजे पावणेदोनशे-दोनशे किलो, वर लोखंडी सांगाडा, आणि त्याहून वाईट म्हणजे खालून उचलणारा वारा. वासे साठ वर्षांपूर्वीचे, काही ठिकाणी वाळवी लागलेली. त्यातून दर मे महिन्यात शाकारणी असते. कौलं हलवायची, फुटकी बदलायची, रिपा बघायच्या. वर पॅनेलं असली तर गडी शाकारणार कसा? आणि वानरं आहेतच. त्यांनी एक कौल सरकवलं तर आत बादली ठेवून भागतं. सांगाड्याच्या खालचं कौल सरकलं तर अख्खा सांगाडा उतरवावा लागेल.

फणसाची सावली हा वेगळा विषय, आणि इथं सोलरच्या पोटातली गोष्ट समजून घ्यावी लागते. पॅनेलमधल्या पेशी एकामागोमाग एक जोडलेल्या असतात. पाटात एका जागी गवत अडकलं की पुढच्या सगळ्या वाफ्यांना तेवढंच पाणी मिळतं, तसंच इथं. एका पेशीवर पानाची दाट सावली पडली तर तिच्यामुळं सगळ्या रांगेचा प्रवाह अडतो, आणि ती पेशी वीज देण्याऐवजी खाऊन तापते. म्हणून प्रत्येक पॅनेलमध्ये साधारण तीन बायपास डायोड असतात. अडलेला गट बाजूला टाकून प्रवाह पुढं नेणं एवढंच त्यांचं काम. हल्लीच्या पॅनेलात पेशी मधोमध कापून वरचा आणि खालचा असे दोन अर्धे समांतर जोडतात. पॅनेल लांब बाजू उभी ठेवून लावलं आणि खालच्या अर्ध्यावर सावली आली तरी वरचा अर्धा चालू राहतो. सावलीशी थोडंफार जुळवून घेणारी ही रचना आहे. पण फणसाची सावली दुपारी बारापासून कौलांवर सरकत जाते आणि सगळं छप्पर व्यापते. तिथं कुठलाही डायोड काय करणार?

लेकीनं मोबाईलवर बरंच काही काढून ठेवलं होतं. सौर कौलं, खिडकीची पारदर्शक काच, पत्र्याला चिकटवायची लवचीक शीट. एकेक बघितलं. सौर कौलाचा आकार आमच्या मंगळुरी कौलाशी जुळत नाही, म्हणजे अख्खं छप्पर बदलणं आलं. शिवाय प्रत्येक कौलाला आपला जोड. या पावसात कौलाखाली शे-दीडशे विजेचे जोड ठेवायची माझी छाती नाही. पारदर्शक काचेतून जेवढा उजेड आत येतो तेवढी वीज गेली, इतकं साधं गणित. शहरातल्या काचेच्या इमारतीला ते परवडेल, आमच्या हातभर खिडकीला नाही. लवचीक शीट हलकी खरी, पण तापल्या पत्र्याला चिकटली की खालून वारा लागत नाही. आणि पेरोव्स्काइट, म्हणजे पेशींसाठीचा तो नवा स्फटिकी पदार्थ? सिलिकॉनवर त्याचा थर दिलेल्या जोडपेशीनं २०२४ मध्ये प्रयोगशाळेत ३४.६ टक्क्यांपर्यंत मजल मारली. नुसत्या सिलिकॉनला तत्त्वतःच २९ टक्क्यांच्या आसपास छत लागतं, त्यामानानं ही मोठी उडी आहे. पण ओल ही पेरोव्स्काइटची जुनी वैरीण, आणि जांबोटीत जूनपासून ओलीशिवाय दुसरं काय असतं? लेकीला म्हटलं, तुझ्या लग्नानंतर बघू. ती चिडली.

मग मी कागद बाजूला ठेवला आणि एक दिवस तिथंच बसलो. डिसेंबर होता. खळ्यात चार काठ्या रोवल्या आणि तासातासाला सावलीच्या टोकावर चुन्याची फक्की टाकली. मोबाईलवर हे आयतं दाखवणारी ॲप्स आहेत, पण काका-आजी चुन्याच्या रेघा बघू शकतात, ॲप नाही. डिसेंबरच्या भर दुपारी इथं सूर्य क्षितिजापासून सुमारे ५१ अंशांवर असतो, दक्षिणेला. जूनमध्ये तोच डोक्याच्या थोडा उत्तरेला जातो, हे ऐकून काकांना पटेना. आपण १६ अंश अक्षांशाच्या जरा खाली आहोत, सूर्य कर्कवृत्तापर्यंत म्हणजे साडेतेवीस अंशांपर्यंत जातो, म्हणजे वाटेत आपल्या डोक्यावरून दोनदा जाणारच: मेच्या पहिल्या आठवड्यात एकदा आणि परतताना ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात.

संध्याकाळी रेघा बघितल्या तेव्हा दोन जागा दिवसभर कोऱ्या राहिल्या होत्या. एक गोठ्याचा पत्रा. पाइपच्या सांगाड्यावरचा, दक्षिणेकडं जेमतेम दहा अंश उतार असलेला. पण तिथं तीनच पॅनेलं मावत होती. दुसरी जागा म्हणजे गडगा. तो जवळपास उत्तर-दक्षिण धावतो. पूर्वेला भाताचं शेत, पार डोंगरापर्यंत आडवं काही नाही. पश्चिमेला खळं, आणि फणसाची सावली तिथं पोचते ती अगदी दिवस कलल्यावर.

तर पॅनेलं भिंतीसारखी उभी करायची, गडग्याच्या आतून, एक तोंड पूर्वेला आणि एक पश्चिमेला.

दोन्ही बाजूंनी वीज देणाऱ्या पेशी आता बाजारात सर्रास मिळतात. आधीच्या पर्क जातीच्या पेशीची पाठ पुढच्या बाजूच्या साधारण ७० टक्के काम करते. जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेत पुढं आलेल्या टॉपकॉन जातीची पाठ ८० टक्क्यांच्या आसपास. त्यात सिलिकॉनच्या पाठीला अतिशय पातळ ऑक्साइडचा थर देऊन वर पॉलिसिलिकॉन चढवतात, त्यामुळं तयार झालेला विद्युतभार धातूपाशी वाया जाणं कमी होतं. आम्ही टॉपकॉन घेतली. उन्हात तापल्यावर तिची घटही थोडी कमी असते, २५ अंशांच्या वर दर अंशाला सुमारे ०.३ टक्के. पत्र्यावरचं पॅनेल एप्रिलात साठ अंशांना गेलं तर दहा टक्के तिथंच गेले. गडग्यावरच्या पॅनेलला दोन्ही अंगांनी वारा, ते एवढं तापत नाही.

उभ्या पॅनेलचा तोटा उघड आहे. मे महिन्यात भर दुपारी सूर्य डोक्यावर आला की थेट ऊन त्याच्या फक्त वरच्या कडेला लागतं. वर्षाची बेरीज केली तर आपल्या अक्षांशावर असं भिंतीसारखं उभं पॅनेल आभाळाकडं तोंड केलेल्या आडव्यापेक्षा कमीच भरतं, आणि हे मी काकांना पहिल्यांदाच सांगितलं. पण त्याचा जोर असतो सकाळी आठ-नऊला आणि दुपारी चार-पाचला. कुट्टी आणि पंपाची वेळ नेमकी तीच.

आणि पावसाळा? मला खरी चिंता होती ती याची, आणि गंमतही इथंच निघाली. दाट ढगात सूर्य दिसतच नाही, उजेड सगळ्या आभाळातून येतो. आडव्या पॅनेलला तो पूर्ण मिळतो, त्याला १ धरू. उभ्याच्या एका अंगाला अर्धं आभाळ दिसतं आणि अर्धी जमीन. जमीन उजेडाचा पाचवा हिस्सा परत फेकते असं धरलं तर एका अंगाला ०.५ अधिक ०.१, म्हणजे ०.६. पाठीलाही ०.६, पण ती ८० टक्केच काम करते, म्हणजे ०.४८. बेरीज १.०८. ढगाळ आभाळ माथ्यावर जास्त उजळ असतं, त्यामुळं प्रत्यक्षात एवढं मिळत नाही. तरी आडव्याच्या जवळपास बरोबरी होते. उन्हात मागं पडणारं पॅनेल ढगात मागं पडत नाही. ज्या घराची अडचणच जून-जुलैची, त्याला आणखी काय हवं?

घरी हे सांगायला गेलो तर वेगळाच घोटाळा झाला. आमच्याकडं "सोलर कुंपण" म्हटलं की झटका मशीन. गवे आणि डुकरं शेतात येऊ नयेत म्हणून तारेत थोडा-थोडा वेळ सोडून करंट सोडतात ते. आजी म्हणाली, "म्हशीच्या नाकाला झटका बसवणार काय रे तू?" तिची समजूत घालायला अर्धा तास गेला. पण तिची भीती पूर्ण खोटी नव्हती. तीन पॅनेलं जोडली की दीडशे व्होल्टच्या आसपास डीसी, म्हणजे एकाच दिशेनं वाहणारा करंट होतो, आणि छपरावरची वायर हाताला लागत नाही, गडग्यावरची लागते. म्हणून सगळे जोड पॅनेलच्या वरच्या कडेला बांधले, तिथून केबल जाड पाइपात घालून जमिनीखालून घरापर्यंत नेली, दोन्ही टोकांना डीसी स्विच दिले आणि सांगाड्याला स्वतंत्र अर्थिंग केलं.

शेवटी ठरलं ते असं: गोठ्यावर तीन, गडग्यावर तीन, मिळून ३.३ किलोवॅट. दोघांची तोंडं वेगळी, म्हणून एकाच रांगेत जोडायची नाहीत. नाहीतर सकाळी गोठ्याची पॅनेलं गडग्याच्यांना मागं ओढतील आणि दुपारी उलटं. इन्व्हर्टर दोन स्वतंत्र एमपीपीटी, म्हणजे रांगेतून जास्तीत जास्त वीज काढणारे नियंत्रक असलेला घेतला, म्हणजे प्रत्येक रांग आपल्या चालीनं चालते. मोटर सुरू होताना चालू प्रवाहाच्या कित्येक पट ओढते, म्हणून इन्व्हर्टर पाच केव्हीएचा. बॅटरी लिथियमची, पाच युनिटांची. आणि इन्व्हर्टरशेजारी भिंतीवर वहिनींनी खडूनं लिहिलं: कुट्टी आणि पंप एकदम नको.

गडग्यावरची पॅनेलं आडवी, म्हणजे लांब बाजू जमिनीला समांतर ठेवून बसवली. एक तर उंची कमी, वारा कमी. दुसरं, खाली गवत वाढून सावली आली तर आडव्या पॅनेलचा खालचा एकच डायोड-गट, म्हणजे तिसरा हिस्सा जातो. लांब बाजू उभी ठेवली असती तर अर्धा गेला असता. खांब पेशींच्या मागं येणार नाहीत असे दोन पॅनेलांच्या फटीत घेतले. पाठ काम करणार असेल तर तिच्यापुढं लोखंड उभं करून कसं चालेल?

एवढी हुशारी करूनही मी चुकलो. खालची कड जमिनीपासून दीड फुटावर ठेवली होती. जानेवारीत बघताना ती भरपूर वाटली. जुलैत गवत कमरेपर्यंत आलं. मीटरवर गडग्याची रांग तिसऱ्या हिश्श्यानं खाली, आणि तीही नेमक्या पावसाच्या दिवसांत. काकांनी विळा घेतला, पण पंधरा दिवसांत परत तेच. शेवटी वैरणीची सोय म्हणून वहिनींनी ती पट्टी रोज कापायला घेतली. पुढच्या मे महिन्यात खांब उंच करून कड तीन फुटांवर नेणार आहे, स्वतःच्या खर्चानं.

दुसरी चूक कुठल्याच माहितीपत्रकात लिहिलेली नसते. म्हशीला अंग घासायला खांब हवाच असतो. दुसऱ्याच आठवड्यात मोठ्या म्हशीनं कोपऱ्याचा खांब गाठला. पॅनेल वाऱ्याच्या २४०० पास्कल दाबाला टिकतं असं कागदावर छापलेलं आहे, पण पाचशे किलोचं जनावर रोज एकाच जागी रेलतं त्याचं काय? खांब सूतभर कलला. आता दोन हात अलीकडं बांबूची आडवण घातली आहे आणि म्हशीसाठी बाभळीचा एक स्वतंत्र खुंट रोवला आहे. तो तिला पसंत पडला.

आणि कोंबडा. पश्चिमेच्या अंगाला सकाळी काचेत स्वतःला बघून तो झुंजायला उठायचा. पाय आपटत, मान फुगवून, चोचीनं टकटक. काचेला काही झालं नाही, पण खालच्या पेशींसमोर त्यानं उडवलेल्या चिखलाचा पट्टा बसायचा. तेवढा पट्टा सोडला तर उभ्या काचेवर धूळ किंवा पाखरांची शीट बसत नाही, पाऊस ती धुऊन नेतो. गोठ्यावरची पॅनेलं मात्र लेकीला पंधरवड्यातून एकदा फडक्यानं पुसावी लागतात.

जुलैत एकदा लाइट बराच वेळ गेली तेव्हा मी तिथं होतो. आदल्या संध्याकाळपासून ती नव्हती. आभाळ इतकं खाली आलेलं की डोंगर दिसत नव्हता. इन्व्हर्टरच्या पडद्यावर दोन्ही रांगांचे आकडे आळीपाळीनं बघत बसलो. कधी गोठा पुढं, कधी गडगा, फरक असा नव्हताच. एप्रिलच्या कोरड्या दुपारी मात्र गोठा दणदणीत चालायचा आणि गडगा झोपलेला असायचा. त्या दिवशी साडेआठला कुट्टी चालली, ती थांबल्यावर पंप लागला, आणि दोन्ही झाल्यावर बॅटरीत निम्म्याहून जास्त शिल्लक होती. काकांनी त्यावर काही म्हटलं नाही. दूध घेऊन डेअरीला गेले.

पैसे वसूल होणार नाहीत हे मी आजही म्हणतो. बिल शून्यच होतं, शून्यच आहे. ज्याच्या घरी महिन्याला तीनशे-साडेतीनशे युनिटं जातात आणि स्लॅब मोकळा आहे, त्यानं यातलं काही करू नये, साधं छपरावरचं नेट मीटर घ्यावं.

गेल्या महिन्यात शेजारच्या वाड्यातले एक जण येऊन गडगा बघून गेले आणि तसंच करून द्या म्हणाले. जाऊन पाहिलं तर त्यांचं कुंपण पूर्व-पश्चिम धावतं आणि दक्षिणेला काजूची रांग. मी नको म्हटलं. त्यांच्या घराच्या उत्तरेकडच्या उताराला सावली नाही, उतारही थोडाच आहे, आणि आपल्या अक्षांशावर उत्तरेचा उतार वाटतो तेवढा वाईट नसतो. पण वर कौलंच आहेत, आणि मे महिन्यात शाकारणी आहे. वासे काय म्हणतात ते तेव्हा बघू.